साहेब, तिला न्हाई म्हणा

परभणीच्या एका सरकारी कार्यालयात बन्सीधरराव कारकून होते. माणूस वाईट नव्हे हो, पण संगणकापुढे बसलं की त्यांना घाम फुटायचा. सरकारच्या युवा प्रशिक्षण योजनेतून पेडगावची राजेश्री सहा महिन्यांसाठी तिथे आली आणि बन्सीधररावांचं फावलं. ऑनलाइन अर्ज सगळे तीच भरायची, हे निवांत चहा प्यायचे.

सहा महिने संपले, मानधन बंद झालं. पोरगी निरोप घ्यायला आली, तेव्हा हे म्हणाले की मुदतवाढ येणारच आहे, येत राहा. असं कुठल्याही कागदावर नव्हतं. आपलं काम अडू नये म्हणून दिलं ठोकून! पोरगी चार महिने फुकट राबली.

एका दुपारी राजेश्री टपाल द्यायला गेली असताना तिची आई चतुराबाई आली. कापसाची वेचणी सोडून आलेली, हात पऱ्हाटीनं ओरबाडलेले. बन्सीधररावांनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"साहेब, तिला न्हाई म्हणा."

त्यांना काही कळेना.

"सहा महिने घरात दोन टाईम डाळ शिजली, खोटं कशाला बोलू? आता पुन्हा मिरची-भाकर हाय. दवाखान्यात कागदं लिहायचं काम चालून आलतं तिला. तुमच्या शब्दावर सोडलं तिनं. ती जागा भरली. रानात चल म्हणलं तर म्हणती, साहेबांचा निरोप यील. माझं ऐकंना झाली. तुमी न्हाई म्हणलात तरच सुटंल ती."

बन्सीधररावांना मान वर करवेना. राजेश्री परतली तसे ते आईसमोरच उभे राहिले.

"पोरी, मुदतवाढ येणार नव्हतीच. मी खोटं बोललो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने अर्धवट राहिलेले अर्ज काढले, कुठे काय भरायचं ते त्यांना नीट समजावलं, पासवर्ड कागदावर लिहून दिला. मग हळूच विचारलं, "सर, मग उद्या मी कुठं जाऊ?"

त्या दिवसापासून बन्सीधरराव स्वतः अर्ज भरायला शिकले आणि योजनेतून येणाऱ्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी काम संपण्याची खरी तारीख सांगू लागले. राजेश्री मात्र आईबरोबर वेचणीला गेली.

मंडळी, योजना संपते, गरिबी संपत नाही. सहा महिन्यांनी हे लेकरू कुठे जाईल, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं. आणि ते जमत नसेल, तर खोट्या आशेवर कुणाच्या लेकराला राबवू तरी नका.