काठापुरता पोशाख

डावा खांदा बोटभर खाली उतरला होता. तिने आधी शिवणीला दोष दिला, टाके उसवून पुन्हा घातले आणि झगा लाकडी पुतळ्यावर चढवला. पुतळ्यावर दोन्ही खांदे सरळ. नवऱ्याने अंगात घातला की डावा पुन्हा खाली. म्हणजे उतरला होता तो झग्याचा खांदा नव्हे, त्याचा. गेल्या नाटकापर्यंत तसा नव्हता.

तिने झग्याच्या डाव्या खांद्याला आतून कापसाची गादी टाचली.

नवऱ्याची सगळी नोकरी पाणीपट्टीच्या खिडकीमागे सरली. लोक त्याच्याकडे न बघताच पावती ओढून घेत. हौशी मंडळींच्या नाटकात मात्र तो राजा असे, आणि तो आला की भरलेला दरबार उठून उभा राही. त्याचे पोशाख तीच शिवायची, जेवणाच्या टेबलावर. राजा म्हटला की चार थर: मलमलीचा सदरा, अस्तराचा डगला, बिनबाह्यांचा कोट आणि सगळ्यांवर मखमली झगा. गेल्या प्रयोगात ते अंगावर वागवताना त्याला सिंहासनाचा हात धरून उभं राहावं लागलं होतं. हृदय थकलंय, आता रंगमंच पुरे, असं डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं. डॉक्टरांना नाटकातलं काय कळतंय, म्हणून त्याने ते उडवून लावलं. राहता राहिली ती. आता बंद करा, एवढंच म्हणायचं होतं. म्हणायला म्हणून ती उठायची आणि कात्री शोधत घरभर फिरायची.

शेवटी तिने वजनच कापलं. डगला आणि कोट शिवलेच नाहीत. त्यांचे नुसते काठ गळ्याशी, मनगटाशी, घेराशी एकाखाली एक सदऱ्यालाच जोडले. समोरून बघणाऱ्याला चार थर दिसत. आत मोकळी हवा. अंगात घालतानाही तिनेच सगळं एकदम त्याच्या डोक्यावरून चढवलं.

"हलका झालाय गं," आरशासमोर वळत तो म्हणाला.

"कापड नवं आहे," असं म्हणून ती अंगुस्तान शोधू लागली. ते तिच्या बोटातच होतं.

तो खुशीत होता. मास्तरांनी शेवटचा प्रवेश बदलला होता. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले, नाटक तेच बसवायचे. काय बदललं, असं तिने जमिनीवरचे दोरे वेचत विचारलं. सांगण्यापेक्षा करूनच दाखवतो, असं म्हणून त्याने खुर्ची पुढे ओढली. खुर्ची म्हणजे राजपुत्र. राजा राज्य सोडतो आणि एकेक वस्त्र उतरवून त्याच्या हाती देतो.

तिच्या हातातले दोरे पुन्हा खाली पडले.

त्याने झगा उतरवून खुर्चीवर ठेवला. आवाज अजून तसाच होता, भिंतीला भिडणारा. मग हात कोटाच्या गळ्याशी गेला. त्याने ओढलं, तर सगळा सदराच वर आला. डगल्याच्या मनगटाशी ओढून पाहिलं. मग काठावरून फिरवत त्याने बोट आत नेलं, जिथे कापड संपत होतं तिथपर्यंत, आणि तो तसाच मलमलीत उभा राहिला. पातळ कापडातून बरगड्या दिसत होत्या.

तो रागावेल म्हणून ती थांबली. तो झग्यावरच बसला.

"घरातच लुबाडलंस की गं राजाला," तो हसला. हसता हसता धाप लागली, ती सरायला वेळ गेला. मग त्याने हळूच विचारलं, "खरा शिवून होईल ना? मास्तरांना कळू देऊ नकोस."

तिचा हात सवयीने जाड कापडाच्या घडीकडे गेला. घडी उलगडली, पुन्हा घातली, टेबलाच्या कडेला सारली. ती खिडकीपर्यंत जाऊन आली. मग अंगुस्तान काढून तिने त्याच्यासमोर ठेवलं.

"होईल," ती म्हणाली. "चारही थर खरे शिवते. पण अहो, माप तुमचं घेणार नाही. मास्तरांना सांगा, दुसरा राजा बघा आणि त्याला मापाला पाठवा."