शैलाचे टाके

माझी बायको शैला गेली तेव्हा तिची शेवटची गोधडी निम्मीच शिवून झाली होती. मी आंबीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझे निळे शर्ट तिने फाडून ठेवले होते, त्यांची ती गोधडी. तिच्या आधीच्या गोधड्या बऱ्याच प्रदर्शनांत लागल्या. त्यांचे टाके सरळ होते. या गोधडीचे नव्हते. कॅन्सरच्या औषधांनी तिच्या बोटांतली जाणीव गेली होती, सुई कुठे शिरते ते तिला कळत नसे. ओळ वर जायची, मध्येच खाली यायची. एखादा टाका बोटभर लांब, पुढचा तांदळाएवढा. मी काही बोललो नाही तरी ती म्हणायची, असू दे, मी आहे तशी दिसू दे.

मला ते टाके लोकांना दाखवायचे होते. दुसरं काही मागायचं उरलं नव्हतं.

लोणावळ्यात दर वर्षी गावोगावच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्यांचं प्रदर्शन भरतं. ते शैलाने आणि तिच्या विद्यार्थिनीने, अश्लेषाने, मिळून सुरू केलं. अश्लेषाचा फोन आला की ताईंची गोधडी मधोमध लावू, पण अर्धी टांगली तर खालचे थर सुटतील, कुणाकडून तरी पुरी करून घ्या. म्हणून मी ती बेडशाला चिमाबाईकडे नेली. ती आणि शैला पुष्कळ वर्षं एकाच गोधडीच्या दोन काठांना समोरासमोर बसून शिवत आल्या होत्या. मी म्हणालो, पुरी करून द्या. तिने गोधडी कपाळाला लावली आणि आत नेऊन ठेवली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी तळेगावहून गेलो तेव्हा गोधडी भिंतीवर लागली होती. शेजारी शैलाचा फोटो, हार, आणि खाली पाटी: 'आजारपणात शिवलेली शेवटची गोधडी'. समोर गर्दी होती. एक बाई नवऱ्याला सांगत होती, एवढ्या दुखण्यातही हात किती स्थिर बघा.

मी जवळ गेलो. या काठापासून त्या काठापर्यंत सगळ्या ओळी सरळ होत्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शैलाचा एकही टाका नव्हता.

चिमाबाई तिच्या वाडीतल्या बायकांबरोबर नवी साडी नेसून कोपऱ्यात बसली होती. मी तिला विचारलं, शैलाचे टाके कुठे गेले?

"उसवलं, भाऊ," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाचं शिवण अर्धं ऱ्हायलं, तर त्याच्या म्होरं टाका घालत न्हाईत. जीव सुईत अडकतो. आदी समदं उसवायचं, मग नव्यानं धरायचं."

"आणि दोरा?"

"वढ्याच्या पाण्यात सोडला, हात जोडून. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

मी तिला नाही नाही ते बोललो. म्हणालो, शैलाने तुला पुढे आणलं आणि तू तिच्या मरणाची वाट बघत होतीस, मधोमध तुझं शिवण लागावं म्हणून. वाडीतल्या बायकांनी माना खाली घातल्या.

अश्लेषाने मला बाजूला नेलं. चिमाबाईकडून गोधडी हातात आली तेव्हाच टाके बदललेत हे तिच्या लक्षात आलं होतं.

"काका, प्रदर्शन संपेपर्यंत कुणाला सांगू नका ना. लोकांना इतकी आवडलीय. आणि खरं सांगू? ताईंचे ते टाके बघवत नव्हते. हे बरं दिसतंय."

तिथल्या टेबलावर मुलांना शिकवायला कात्र्या ठेवल्या होत्या. मी एक घेतली, गोधडी ओढून खाली काढली आणि जमिनीवर पसरून बसलो. पहिली ओळ कापली. अश्लेषा नको नको म्हणत होती. लोकांनी मोबाइल काढले.

दोरा काढला तरी कापडाला भोकं राहतात, एवढं मला शैलाजवळ बसून कळलं होतं. या सरळ ओळीखाली तिची वाकडी ओळ असणार. मी दोरे उपटले आणि शर्टाचं कापड उजेडाकडे धरलं. भोकांची एकच ओळ होती. सरळ. मी दुसरी ओळ उसवली. तीही तशीच.

चिमाबाई उठून आली आणि गोधडीच्या पलीकडच्या काठाला बसली.

"शिवायच्या आदी वढ्यावर आपटून धुतलीय, भाऊ. तिची भोकं मिटली. आता दिसत्यात ती माजी."

मी कापड पुन्हा उजेडाकडे धरलं.

"उसवा," ती म्हणाली. "पर तितं ती न्हाई."

मी तिसऱ्या ओळीला हात घातला. कापड गोळा होत होतं, कात्री नीट चालत नव्हती. चिमाबाईने तिच्या बाजूचा काठ दोन्ही हातांनी ताणून धरला. मी कापत राहिलो.