उस्तादांचा तिसरा गिअरबॉक्स

"हल्ली तेलातच काही राम राहिला नाही," होडीच्या पोटातून मामंजी कुरकुरले.

मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांचा जन्म गेला बसगाड्या दुरुस्त करण्यात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. निवृत्त झाल्यावर गावातल्या नावाड्याच्या होडीत जुन्या बसचं इंजिन बसवून द्यायचं त्यांनी मनावर घेतलं. इंजिन झकास चाले, गिअरबॉक्समधल्या बेअरिंगचा मात्र भुगा होई. पहिल्यांदा दोष तेलाचा, दुसऱ्यांदा होडीच्या पाण्यातल्या पंख्यात अडकलेल्या शेवाळाचा. आज तिसरा गिअरबॉक्स. नावाड्याने सांगूनच टाकलं होतं, "उस्ताद, हाही गेला तर मी तयार इंजिन आणतो. पोटाचा प्रश्न आहे." तेव्हापासून मामंजींना घास गोड लागत नव्हता.

खरं काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बसमध्ये गिअरबॉक्सने नुसती चाकं फिरवायची. गाडी पुढे रेटायचा जोर चाकांचा आस आणि स्प्रिंगचे पाटे सोसतात. होडीत पंखा पाणी मागे लोटतो आणि तो सगळा रेटा पंख्याच्या दांड्यावरून, म्हणजे शाफ्टवरून, थेट गिअरबॉक्सच्या छाताडावर येतो. तो वाटेतच झेलायला होडीच्या आडव्या तुळईला थ्रस्ट बेअरिंग ठोकून बसवावं लागतं. माझ्या नवऱ्याने ते आणलंही होतं. आठवडाभर पिशवीत घालून हिंडत होता. पण उस्तादांना शिकवणार कोण?

"तू सांग ना. तुझं ऐकतात ते."

"वडील तुमचे. तुम्हीच सांगा."

होडी धक्क्याला बांधून इंजिन सुरू केलं. मामंजी इंजिनापुढे मांडी ठोकून बसले, सासूबाई पलीकडच्या काठावरच्या बहिणीसाठी भरलेला डबा घेऊन फळीवर. गिअर पडला. दोर ताणले, मागे पाणी घुसळलं.

"अहो, ते धूड तुमच्या गुडघ्याला टेकलं की!" सासूबाई ओरडल्या.

खरंच, रबराच्या बैठकीवर इंजिन गिअरबॉक्ससकट पुढे सरकलं होतं.

मामंजींनी इंजिन बंद केलं. "बसमध्ये असं कधी झालं नाही," ते पुटपुटले. "रबरच भिकार देतात."

तयार इंजिन आणायला निघावं म्हणून नावाडी चपला शोधायला लागला. नवऱ्याने पिशवीवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "ही बस नाहीये. चुकलंय तुमचं. आता पोराच्या पिशवीतलं ते बेअरिंग काढा आणि बसवा मुकाट्याने. मला अंधाराच्या आत पलीकडे पोचायचंय."