दोनदा विचारलं होतं

गुरुवारी सकाळी पावणेअकरा वाजता डुलुथमधल्या एका वकिलाच्या कचेरीत वेन कांगासने शेवटच्या पानावर सही केली, आणि बहीणभावाचा भट्ट्यांचा धंदा डेलावेअर राज्यातली कंपनी झाला. त्या राज्यात दोघांपैकी कुणीही कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

वेनने पेन परत केलं आणि टेबलावरच्या वाटीतली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली.

"झालं? एवढंच?" तो म्हणाला. "दात काढायला याहून जास्त वेळ लागतो."

वकीलबाई, जोन ब्रँडवोल्ड, हसल्या. वेनची थोरली बहीण मार्लिस आपल्या हातमोज्यांत बोटं घालत होती. डावा मोजा तिने उजव्या हातात घातला होता आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

धंदा त्यांच्या वडिलांचा, आर्वो कांगासचा. लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर म्हाताऱ्याने पेल्टो गावाबाहेर एक पत्र्याची शेड उभारली आणि सॉनाच्या, म्हणजे वाफेने अंघोळ करायच्या खोलीच्या, भट्ट्या करायला घेतल्या. मिनेसोटाच्या त्या खाणपट्ट्यात फिनिश, म्हणजे मूळच्या फिनलंडच्या, घराचं छप्पर एक वेळ गळेल, पण सॉना थंड राहायचा नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला कधी तोटा पडला नाही. वेन भट्ट्या जोडायचा. मार्लिस ऑर्डरी, पत्रं, फोन सांभाळायची. शेवटच्या आजारपणात वडील मार्लिसकडे होते. जाताना त्यांनी शेड आणि जमीन तिच्या नावे केली. वेन तेव्हा काही बोलला नाही. आता कंपनीतही त्याच हिशेबाने साठ हिस्से तिचे, चाळीस त्याचे.

कंपनी करायची वेळ आली ती मिनियापोलिसच्या एका व्यापाऱ्यामुळे. त्याला दरवर्षी शंभर भट्ट्या हव्या होत्या, पण तो फक्त कंपनीशीच व्यवहार करायचा. म्हणून फेब्रुवारीत मार्लिस एकटीच डुलुथला गेली होती. वेनला यायचं होतं, पण त्या दिवशी एक भट्टी अर्धी जोडलेली होती.

"कुठल्या राज्यात नोंदवायची?" ब्रँडवोल्डबाईंनी विचारलं होतं.

"तेही निवडायचं असतं का?"

"असतं. तुमच्यासारख्यांना मिनेसोटा पुरे. मोठे लोक डेलावेअरला जातात. फी थोडी इकडेतिकडे, त्यात काही राम नाही." मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "एक फरक मात्र सांगायलाच हवा. उद्या तुम्ही भावाला कामावरून कमी केलंत, किंवा त्याला विचारेनाशा झालात, तर मिनेसोटात तो न्यायाधीशापुढे जाऊ शकतो. माझ्यावर अन्याय झाला, एवढं म्हणायला त्याला इथला कायदा जागा देतो. त्याचा हिस्सा रास्त भावाने विकत घ्या, असं न्यायाधीश तुम्हाला सांगू शकतो. डेलावेअरमध्ये कागदावर असेल तेवढंच. कागदावर नसेल तर त्याने गप्प बसायचं."

"आणि आमच्या कागदावर काय असेल?"

"तुम्ही सांगाल ते."

मार्लिसने खिडकीबाहेर पाहिलं. तिला आपला मुलगा आठवला. कर्ट सेंट पॉलला इंजिनियर होता आणि त्याला घरी परतायचं होतं. भट्ट्या जोडणारा यांत्रिक हात घेऊन. दर रविवारी फोनवर तो त्या हाताबद्दल बोलायचा. "आणि वेनमामा?" तिने एकदा विचारलं, तर म्हणाला होता, "त्याचं बघू ना गं नंतर." वेन पन्नाशी ओलांडलेला. काम चोख, पण आठवड्याला दोनच भट्ट्या, एकट्या त्या व्यापाऱ्यापुरत्या. घाई केली की तो टोपी खुंटीवर लावायचा आणि कॉफी प्यायला बसायचा.

भावाला काढायचं असं तिने ठरवलं नव्हतं. हे ती स्वतःला नंतर पुष्कळदा सांगणार होती, आणि ते खरंही होतं. तिला फक्त एक दार उघडं ठेवायचं होतं.

"डेलावेअर करा," ती म्हणाली. ब्रँडवोल्डबाईंनी कारण विचारलं नाही.

वेनला तिने शेडमध्येच सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, मोठ्या कंपन्या डेलावेअरच्या असतात. यात खोटं काहीच नव्हतं.

"मग आपण मोठे झालो म्हणायचं," वेन म्हणाला. "भट्टीच्या दारावर पेल्टो, मिनेसोटा लिहायचं की नाही?"

"लिहायचं. तो पत्ता आहे. हे नुसतं नोंदणीचं."

"मग माझी हरकत नाही."

"तुला वेगळा वकील हवा का? कागद दाखवून घ्यायला?"

"छे. कशाला?"

हे पहिल्यांदा. दुसऱ्यांदा तिने विचारलं ते सहीच्या दिवशी, कचेरीचा जिना चढताना. "अजून वेळ आहे, वेन. हवं तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवू."

"नको गं, तुला उगाच ताप," तो म्हणाला आणि कठड्यावर हात ठेवून क्षणभर थांबला.

त्या भागात कुणी काही देऊ केलं, मग तो केकचा तुकडा असो की बर्फात रुतलेली गाडी ओढून काढायची मदत, पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदा, कशाला उगाच, म्हणतात. तिसऱ्यांदा घेतात. दोनदा विचारून जो थांबतो, त्याला द्यायचं नव्हतं असं समजतात, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. मार्लिस या रीतीत वाढली होती. आईच्या मयताला आलेल्या शेजाऱ्यांनाही तिने तीन-तीनदा बटाट्याची कॅसरोल वाढली होती. वेन जिन्यात थांबला तो कशासाठी, हे तिला कळत होतं.

ती पुढे चढत गेली.

परतताना वेन खुशीत होता. वाटेत त्याने दोन पेस्टी घेतल्या, मांस आणि सलगम भरलेल्या, आणि एक तिच्या मांडीवर ठेवली.

"खा मालकीणबाई. डेलावेअर आहे कुठे नक्की?"

"पूर्वेला. समुद्राकाठी."

"पाण्यावर बर्फ धरतं का?"

"फारसं नाही."

"मग तिथले लोक मार्चमध्ये करतात काय? बघ, इकडे या आठवड्यात गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची खोपटी बर्फ वितळायच्या आत ओढून आणायची आहेत. नाहीतर दंड. तिकडे कसली खोपटी आणि कसलं काय. बसतात बिचारे कंपन्या नोंदवत." तो आपल्याच विनोदावर हसला. "जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

"खा गं. गार होईल."

"नको, खरंच."

"अगं खा," वेन तिसऱ्यांदा म्हणाला, आणि तिला ती खावी लागली.

शुक्रवारी दुपारी ब्रँडवोल्डबाईंचा फोन आला. कागद डेलावेअरला पोचले होते, शिक्का पडला होता.

"एक नोंद राहिलीय," त्या म्हणाल्या. "मी तुमची वकील, तुमच्या भावाची नव्हे. त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा असं तुम्ही सुचवलं होतं का?"

"विचारलं होतं."

"किती वेळा?"

हा प्रश्न कुठल्याही कायद्यात नव्हता. पण ब्रँडवोल्डबाई मूरहेडच्या नॉर्वेजियन घरातल्या. त्यांची आजी या बाबतीत फिनिश लोकांच्या तोंडात मारेल अशी होती.

"दोनदा," मार्लिस म्हणाली.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"दोनदा," बाई म्हणाल्या. "ठीक आहे. सुचवलं होतं, त्यांनी नकार दिला, असं लिहिते."

कायद्याला तेवढं पुरत होतं. मार्लिसने फोन ठेवला आणि ओटा पुसायला घेतला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

शनिवार सॉनाचा. परसातल्या लाकडी सॉनात आधी वेन जायचा, मग मार्लिस, आणि मग स्वयंपाकघरात कॉफी. त्या संध्याकाळी वेन लालबुंद होऊन बाहेर आला, टॉवेल खांद्यावर टाकून खुर्चीत बसला आणि वेलचीच्या पावाला लोणी लावू लागला. मार्लिस जागची हलली नाही.

"जा की. वाफ फुकट चाललीय."

"वेन, डेलावेअर मी निवडलं."

"माहितीय. मी सही केली ना."

"वकीलबाई मिनेसोटा पुरे म्हणाल्या होत्या." आणि एखादी ऑर्डर वाचून दाखवावी तसं, आवाज न चढवता, न थांबता, तिने सगळं सांगितलं. न्यायाधीश काय करू शकतो आणि कुठे. कर्टचा यांत्रिक हात. जिन्यातलं तिने सांगितलं नाही. ते त्यालाही माहीत होतं.

वेनने लोणी पावाच्या कडेपर्यंत नीट पसरलं.

"म्हणजे तू मला हाकललंस, तर मिनेसोटात मी ओरडू शकलो असतो."

"हो."

"आणि तिकडे नाही."

"नाही."

"मार्ल, मी ओरडलो असतो असं वाटलं तुला? शेड तुझ्या नावावर झाली तेव्हा ओरडलो?"

"नाही ओरडलास."

"मग घाबरलीस कशाला?"

"तेव्हा ओरडला नाहीस, म्हणूनच. ते सगळं आत साठलं असेल ना."

वेनने मान हलवली, जणू हे उत्तर त्याला पटण्यासारखं होतं. "कर्ट हुशार आहे," तो म्हणाला. "पण त्याने गेल्या उन्हाळ्यात जोडलेली भट्टी बघितलीस? अंडी धरलेल्या मासोळीसारखं पोट आलंय तिला."

मार्लिसला हसू आलं.

"मी बदलून घेते," ती म्हणाली. "सोमवारी फोन करते. मिनेसोटा करते."

"राहू दे."

"एक अर्ज असतो फक्त. कागदात तुझं कामही लिहून घेऊ."

"कशाला उगाच."

"वेन." तिने टेबलाची कड धरली. "बदलू ना?"

"नको," वेन म्हणाला.

त्याने पाव संपवला, कप धुऊन पालथा ठेवला आणि कोट चढवला. दारात त्याने नेहमीसारखं, येतो, म्हटलं. मार्लिस त्या दिवशी सॉनात गेली नाही. भट्टी आपोआप विझली.

सोमवारी वेन कामावर आला नाही. शेडमध्ये तीन भट्ट्यांचे सांगाडे तसेच उभे होते. तो तळ्यावर खोपटी ओढतोय, असं पोस्टातल्या बाईने सांगितलं. त्यात नवल नव्हतं. त्या आठवड्यात निम्मं गाव तळ्यावर होतं. मार्लिसने दोनदा फोन केला, मग तिसऱ्यांदा केला. त्याने उचलला नाही.

तरीही तिने डुलुथला कळवलं. मंगळवारी अर्ज आला: कंपनी डेलावेअरमधून काढून मिनेसोटात नोंदवावी. सोबत एक पान होतं. वेनला कामावरून कमी करायचं तर त्याचा हिस्सा आधी विकत घ्यावा लागेल.

"साठ हिस्से तुमचे आहेत, तुमच्या एकटीचा होकार चालला असता," ब्रँडवोल्डबाई फोनवर म्हणाल्या. "पण या वेळी मी दोघांच्या सहीची जागा ठेवलीय. त्यांच्या सहीशिवाय पुढे पाठवणार नाही."

"त्याने नको म्हटलंय."

"मग त्यांनी दुसऱ्या वकिलाला विचारून नको म्हणावं."

मार्लिसने स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सही केली. कर्टचा फोन आला. यांत्रिक हाताची आगाऊ रक्कम भरू का, असं तो विचारत होता. "थांब," ती म्हणाली. का, असं त्याने विचारलं. तिने पुन्हा, थांब, म्हटलं आणि फोन ठेवला. मग गाडी काढून वेनच्या घरी गेली. घर बंद होतं. तिने त्या कागदांचं पाकीट दाराच्या जाळीत खोचलं. वर काही लिहावं म्हणून पेन काढलं आणि नुसतं "वेन" लिहिलं.

बुधवारी सकाळी ती पुन्हा गेली तेव्हा पाकीट जाळीत नव्हतं. वाऱ्याने उडालं असेल म्हणून तिने अंगणातल्या काळवंडलेल्या बर्फात, पायऱ्यांखाली, कुंपणापर्यंत पाहिलं. सापडलं नाही.

त्याच दुपारी पोस्टातल्या बाईने वेनचा ट्रक जवळच्या हिबिंग शहरात पाहिला. तो कोर्टाच्या इमारतीसमोर उभा होता, मागे खोपटं अजून साखळीने बांधलेलं. त्या इमारतीत मासेमारीचे परवाने मिळतात, गाड्यांची नोंदणी होते आणि दिवाणी दावेही दाखल होतात. वेन आत होता की समोरच्या हॉटेलात, हे बाईला सांगता आलं नाही.

गुरुवारी, पहिल्या सहीला आठवडा झाला त्या दिवशी, दुपारी बारापर्यंत वेनची सही असलेला कागद डुलुथला पोचलेला नव्हता.