भावोजींचं मत

"ताई झोपल्यात," भावोजींनी फोनवर बिनदिक्कत थाप मारली आणि रिसीव्हर ठेवून दिला.

ताई स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत होत्या. इतकी वर्षं खासदार, शेवटी शेवटी तर मंत्री. स्वतःच्या घरात साखर कुठे असते हे विचारायची त्यांना लाज वाटत होती. काल निकाल लागला. त्या पडल्या, त्यांच्याबरोबर सरकारही पडलं. फाटकावरचा पहारा सकाळीच उठला. एरवी अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, तिथे आज चिटपाखरू नव्हतं.

भावोजी हे काही त्यांचं नाव नव्हे. कार्यकर्ते बायकोला ताई म्हणू लागले आणि हे आपसूक साऱ्या मतदारसंघाचे भावोजी झाले. प्रचारात त्यांनी घसा बसेपर्यंत घरोघर हात जोडले होते. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणत. लोकांना काय माहीत? मतदानाच्या दिवशी याच भावोजींनी पडद्याआड जाऊन, कपाळावरचा घाम पुसून, विरोधी पक्षाच्या चिन्हावर शिक्का मारला होता.

त्याआधी एका सभेच्या वेळी, सभागृहाच्या मागच्या जिन्यात, ताई छातीवर हात दाबून बसलेल्या त्यांना दिसल्या होत्या. "कोणाला सांगू नका," एवढंच त्या म्हणाल्या आणि घोटभर पाणी पिऊन भाषणाला उभ्या राहिल्या. थांब म्हणायची भावोजींची हिंमत झाली नाही. जिच्यात तिचा जीव अडकलाय ती गोष्ट सोड, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? ताई हजारो मतांनी पडल्या. एका मताने काही उलथापालथ झाली नव्हती. तरी कालपासून भावोजींना त्यांच्याकडे सरळ बघवत नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी ताईंनीच पुढे होऊन उचलला. पक्षाध्यक्ष होते.

"बोला साहेब... वरच्या सभागृहात? मला?"

भावोजी दाराशी येऊन उभे राहिले. म्हणजे पुन्हा तेच दौरे, त्याच सभा, तेच जिने.

"आभारी आहे साहेब. पण आता नको. दुसऱ्या कोणाला तरी संधी द्या."

ताईंनी फोन ठेवला आणि बिनसाखरेच्या चहाचे दोन कप घेऊन त्या समोर येऊन बसल्या.

"माझ्यासाठी म्हणून नाही म्हणू नकोस," भावोजी म्हणाले, आणि म्हणताना त्यांना स्वतःचाच राग आला.

"एक सांगू? कोणाजवळ बोलू नका." ताई कपाकडे बघत होत्या. "मी मला मत दिलं नाही. समोरच्याला दिलं."

भावोजींनी उचललेला कप खाली ठेवला.

"मागे एकदा दौरा रद्द झाला म्हणून न कळवता घरी आले. तुम्ही ओट्यापाशी उभे राहून जेवत होतात. ताटसुद्धा घेतलं नव्हतं, पातेल्यातूनच. मी तशीच मागे फिरले आणि बाहेर जाऊन बेल वाजवली. तेव्हाच ठरवलं होतं, आता पुरे. पण निवडणूक लागली आणि तुम्ही इतक्या हौसेने तयारीला लागलात, की माझ्याच्याने नाही म्हणवेना."

"हौसेने?" भावोजी बसलेल्या आवाजात म्हणाले. "अगं, तुझी हौस म्हणून मी..."

खिडकीबाहेरच्या रिकाम्या अंगणाकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"मग दोन झाली," ते म्हणाले.

"काय दोन?"

"मतं. तुझ्या विरोधात. या घरातली."

भल्याभल्या अधिकाऱ्यांना घाम फुटायचा त्या नजरेने ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी मात्र भावोजींनी मान खाली घातली नाही.

"घरातलं एक मत तरी पक्कं धरलं होतं मी," ताई अखेर म्हणाल्या. त्यांना लागलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"त्या दिवशी जिन्यात बसली होतीस ना तू," भावोजी म्हणाले.

चहा निवून गेला. मग ताईंनी हात लांब करून त्यांच्या मनगटावर ठेवला.

"डॉक्टरकडे कधी जायचं?"

"आज," भावोजी म्हणाले.