चाळलेली माती

टक्.

दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज आला. मग पुन्हा टक्. पुन्हा टक्. लेक काजल आत्ताच कुठे झोपली होती. तिच्या उशाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या अनुपमाची बोटं थबकली. कपड्यांचे चिमटे! पण कपडे तर सकाळीच वाळत घातले होते. मग सासूबाई या वेळी दोरीवर काय लावताहेत?

ती मागच्या दारी आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. दोरीवर तळहाताएवढे काळे चौकोनी तुकडे ओळीनं लटकत होते, स्वच्छ धुतलेले. त्यांच्या शेजारी कांद्याच्या जाळीच्या पोत्यातून शिवलेल्या चिमुकल्या पिशव्या, रिकाम्या.

"आत्याबाई! हे कुठी सापडलं तुम्हाले?"

"कुठी म्हंजे? आपल्या वावरात, मिरचीच्या धुऱ्याले, बांधापाशी!" सासूबाई सत्यभामाबाईंनी शेवटचा चिमटा लावला. "जाळीचं टोक वरतं दिसलं. वढलं, त निंगतच गेलं. कोन्या मेलीनं पुरलं त पुरलं, वरतून पिशव्या शिवून पुरलं!"

"ते मेली मीच होय, आत्याबाई."

सत्यभामाबाईंनी नुकताच लावलेला चिमटा परत काढला.

बुलडाण्याच्या कॉलेजात अनुपमाच्या संशोधनाचा विषय होता 'कृत्रिम पदार्थ आणि त्यांचे उपयोग'. सत्यभामाबाईंनी आपल्या देऊळघाट गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "माही सून प्लास्टिकची डॉक्टर होऊन राह्यली." खरं तर अनुपमा प्लास्टिकला पर्याय शोधत होती. मिरचीच्या सऱ्यांवर काळा, प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरतात, तसाच कागद तिनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा लगदा आणि मक्याचा स्टार्च यांपासून केला होता. हंगामभर त्यानं तण दाबायचं, ओल धरायची आणि मग मुकाट्यानं मातीत विरून जायचं. तो विरतो की नाही, हे पाहायला तिनं श्रावणात पिशव्या पुरल्या. एका पिशवीत बाजारचा कागद, दुसरीत आपला. सोमवारी कॉलेजच्या समितीपुढे जाण्याआधी त्या अलगद उकरून, काय उरलं त्याचं वजन करायचं होतं. काजल तान्ही असताना काम दोन वर्षं बंद राहिलं, त्यामुळे कॉलेजनं आता स्पष्टच बजावलं होतं: या हंगामात निकाल दाखवा, नाहीतर विषय बंद.

आणि सासूबाईंना सांगायची तिची हिंमतच झाली नव्हती. गेल्या साली चंद्री गाय गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या पोटातून काळ्या कागदाचा एवढा मोठा गोळा काढला होता. तेव्हापासून सत्यभामाबाई वावरात चॉकलेटचा कागदसुद्धा राहू देत नसत. निंदायला बसल्या की कमरेला पिशवी, आणि दिसलं प्लास्टिक की टाक पिशवीत. अशा बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमच्या वावरात मी तेच पुरतेय?

"पण धुतले काऊन?" अनुपमानं एक तुकडा नाकाशी नेला. "तेबी साबणानं!"

"मंग काय, चिखलाचे घरात आणू?"

अनुपमा धुण्याच्या दगडावर बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी सत्यभामाबाईंची धांदल उडाली.

"अवो, रडतं काय लेकरावानी? मानसानं सांगाव त लागते! मले काय सपन पडते?"

"आता वजन कायचं करू? हे त सारे बाजारचेच हाय. माहे तुकडे कुठी हाय?"

"तेच त मी तुले इचारणार होती!" सत्यभामाबाई पदर खोचून समोर बसल्या. "अर्ध्या पिशव्यांत कागद, अन् अर्ध्यांत निरी माती. म्या म्हटलं, उंदरानं कुरतडला असंन, कपटे पसरले असंन. मंग ते काय वावरात राहू देऊ? सारी माती गव्हाच्या चाळणीनं चाळली. पार रव्यावानी केली. कंबर धरली माही, पन एक कपटा सापडन त शपथ!"

अनुपमाचं रडणं थांबलं. "सारी चाळली?"

"हाव."

"पिशव्यांतली?"

"पिशव्यांतलीबी अन् खड्ड्यांतलीबी. तुह्या वकिलावानी प्रश्नाले मी भेत नाई."

अनुपमानं नाक पुसलं आणि सुचिता मॅडमना फोन लावला. मॅडम तिच्या मार्गदर्शक. 'धुतले' हा शब्द ऐकून त्यांनी 'अरे देवा!' म्हटलं. 'चाळणी' ऐकल्यावर मात्र म्हणाल्या, "आजींना दे फोन."

"आजी, ती माती कुठे आहे?"

"वावरातच हाय, ढीग घातला. फेकून देऊ?"

"नको, नको! कुणी हात लावू नका."

"बाई, वावर माहं हाय बरं!" सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि पलीकडून मॅडमचं हसणं अंगणापर्यंत ऐकू आलं.

हसून झाल्यावर मॅडमनी अनुपमाला समजावलं. वजन गेलं ते गेलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे काहीच उरलं नाही, असंही नाही. बारीक कण सूक्ष्मदर्शकाखालीच कळतील. पण एवढं चाळूनही तुझ्या कागदाचा एकही तुकडा सापडला नाही, हेही थोडं नाही; ती माती आणि हे धुतलेले कागद समितीपुढे शेजारी शेजारी ठेवू, आणि आणखी एक हंगाम मागू.

सोमवारी समितीतल्या एका सरांनी चाळणी कोणती, हेही विचारलं. अनुपमानं ती सोबतच नेली होती. गव्हाचे दोन दाणे अजून तिच्या कडेला अडकलेले होते. एक हंगाम मिळाला.

संध्याकाळी सासू, सून आणि नात वावरात गेल्या. सत्यभामाबाईंनी मिरचीची मधली, सगळ्यांत चांगली सरी दाखवली. "धुऱ्याले कायले पुरतं चोरावानी? हे घे. पन आता मले सांगून पुरजो."

काजल उरलेल्या मातीच्या ढिगात बसली होती. मुठीतून माती सोडत तिनं विचारलं, "आई, तुहा कागद याच्यात हाय?"

"याच्यात विरला, बेटा."

"अन् गाईनं खाल्ला त?"

"त पोटातबी विरून जाईन. पऱ्हाटी अन् मकाच त हाय."

काजलनं बांधावरच्या निंबाकडे पाहिलं. त्याच्याखाली चंद्रीला पुरलं होतं. वावरात आली की काजल तिथं गवताची एक काडी ठेवून यायची. आजही ठेवली होती. ती उठली, मातीच्या हातांनीच आईच्या गळ्याला बिलगली.

"मंग आई, चंद्री होती तवाच काऊन नाई केला तू हा कागद?"