एक्सरेसाहेबांचं शून्य

"बूट," मास्तर म्हणाले. "जो हरेल त्याने अख्ख्या बिल्डिंगचे बूट पॉलिश करायचे. गेटवर बसून. रविवारी सकाळी, सगळे घरी असताना."

"कबूल," मी म्हणालो.

"कुठे बसणार ते आत्ताच ठरव," एक्सरेसाहेब म्हणाले. "दहानंतर गेटवर ऊन येतं."

जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर आम्ही तिघं बसलो होतो. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. आयुष्यभर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि आपला पाय ब्रेकवर, त्यामुळे पंच म्हणून त्यांच्याइतका सावध माणूस शोधून सापडला नसता. मी बॅगा दुरुस्त करतो. चेन, चाकं, दांडे, अस्तर. आणि एक्सरेसाहेब बंदरावर होते. फिरायला जाणाऱ्यांचं ते मोठं जहाज असतं ना, सात मजली, त्यावर चढणाऱ्यांच्या बॅगा तपासायचे. सव्वीस वर्षं एकच गोष्ट शोधत होते. दारू.

पैज लागली त्याला कारण माझी मुलगी. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिने आम्हा दोघांना त्याच जहाजाची चार दिवसांची तिकिटं काढून दिली. तिकिटाबरोबर नियमांचा कागद आला. पोहण्याच्या तलावावर दोन ओळी होत्या, दारूवर दीड पान.

"कागद वाचलास?" एक्सरेसाहेबांनी विचारलं.

"वाचला. पण तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं."

"वाइन. माणशी एक बाटली. सील न फोडलेली, हातातल्या बॅगेत, चढायच्या दिवशीच. बिअर नाही, व्हिस्की नाही. ती आपणहून दाखवलीस तर चिठ्ठी बांधून ठेवून घेणार, उतरताना परत देणार. लपवलेली सापडली तर तुझ्या डोळ्यांदेखत ओतणार."

"आणि आपली वाइन जेवताना प्यायची तर बूच काढायचे पैसे वेगळे."

"वेगळे."

"म्हणजे बाटली माझी, तोंड माझं, आणि बूच काढायचे पैसे जहाजाला. मी दाताने काढतो की."

"लोक तिथे जेवायला येतात," एक्सरेसाहेब म्हणाले. "तुझे दात बघायला नाही."

त्यांना एक्सरेसाहेब हे नाव मीच दिलं होतं, पण ते मशीनपेक्षा पक्के होते. जहाजावर एखादी चोरटी बाटली सापडली, की ती कुठल्या टेबलावरून सुटली त्याची यादी फेरी संपल्यावर बंदरावर यायची. त्यांच्या चार नंबरच्या टेबलासमोर सव्वीस वर्षं शून्य होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात भिंतीवर तिचा फोटो आणि बोलण्यात हे शून्य, एवढाच त्यांचा संसार. आणि आम्ही चढणार होतो तो त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस. त्या फेरीची यादी आली, की ती जोडून निरोपाचं पत्र मिळायचं होतं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, म्हातारपणी कशाला त्रास द्या. माझ्या हातांना मात्र खाज सुटली. सव्वीस वर्षांचं शून्य आणि बॅगांचा कारागीर समोरासमोर राहतात, आणि त्यांची गाठ पडू नये, हे मला सृष्टीच्या नियमाविरुद्ध वाटत होतं.

"व्हिस्की वर नेणार," मी म्हणालो. "आणि उघडून, खोलीच्या खिडकीपाशी, मागे समुद्र दिसेल असा फोटो मास्तरांना पाठवणार."

"बाटली परत आणून दाखवायची," मास्तर म्हणाले. "फोटोत समुद्र कुणीही घालतो."

पंधरा दिवस मी दुकान अर्धं बंद ठेवून काम केलं. बॅगेच्या दांड्याच्या दोन्ही नळ्यांना खालून रबरी बूच बसवून त्या भरल्या. अस्तराच्या आत चपटी पिशवी शिवली. माउथवॉशच्या बाटलीत व्हिस्की भरून तिला हिरवा रंग दिला. दुर्बिणीच्या आत दोन टाक्या केल्या. शेकायची रबरी पिशवी घेतली, तीही भरली. पाच जागा. बायको येता-जाता बघत होती.

"अहो, चार दिवसांसाठी जायचंय. दोन शर्ट तरी घ्या यात."

"जागा नाही."

"तुम्हाला भाऊजींनी पकडलं तर मी ओळख दाखवणार नाही, आधीच सांगते."

आता खरी गंमत सांगतो. या पाचही जागा पकडल्या जाण्यासाठीच होत्या. माणसाला पाच वेळा जिंकू द्यायचं, मग त्याचा हात सैल पडतो. सहावी जागा बायकोच्या हातातल्या पिशवीत होती, गोळ्यांच्या डब्याशेजारी. तिच्या गुडघ्याच्या तेलाची निळी बाटली. जाड प्लॅस्टिक, आतलं काही दिसत नाही. तेल मी काचेच्या बरणीत काढून ठेवलं, बाटली साबणाने तीनदा धुतली आणि गळ्यापर्यंत दहा वर्षं जुनी व्हिस्की भरली. बायकोला सांगितलं नाही. तिला खोटं बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण बोलताना ती पदर नाहीतर पर्सची चेन असं काहीतरी धरते.

रविवारी सकाळी बंदरावर चार नंबरच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. एक्सरेसाहेबांनी इस्त्रीचा युनिफॉर्म घातला होता. मागे त्यांचा नवा साहेब हातात कागद लावलेली फळी घेऊन उभा होता. शेवटचा दिवस म्हणून कौतुकाने बघत होता की चूक शोधत होता, कळत नव्हतं.

"नमस्कार," एक्सरेसाहेब मला म्हणाले, जणू काल संध्याकाळी माझ्याच घरी चहा प्यायलेच नव्हते. "बॅगेत द्रवपदार्थ?"

"तोंडापुरता," मी म्हणालो.

त्यांनी माउथवॉश उचलला. उलटा केला, सुलटा केला. "चार दिवस, माणसं दोन, आणि लिटरभर माउथवॉश. तोंडात काय मेलंय?" रांग हसली. बाटली बाजूला गेली. मग दुर्बीण. डोळ्याला लावली आणि म्हणाले, "आतून समुद्र पिवळा दिसतो." तीही बाजूला. शेकायची पिशवी त्यांनी नुसती दोन बोटांनी उचलली. अस्तरावर हात फिरवताना म्हणाले, "टाका सुरेख आहे. दुकानात एवढा बारीक घालत नाहीस." मागची एक बाई म्हणाली, "आमचीही बॅग यांच्याकडेच दिली पाहिजे." शेवटी दांडा ओढला, खाली केला, पुन्हा ओढला. नळीच्या टोकाचं रबरी बूच काढलं आणि खाली बादली धरली.

पाचही जागांतली व्हिस्की बादलीत गेली. रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभा. आतून उकळ्या फुटत होत्या.

"वहिनी, तुमची पिशवी."

बायकोने पिशवी उघडली. त्यांनी गोळ्या बघितल्या, रुमाल बघितला, मग निळी बाटली हातात घेतली. "हे?"

"गुडघ्याचं तेल, भाऊजी. तुम्हाला दिलं होतं ना मागे, तेच."

तिचे दोन्ही हात मोकळे होते. एक्सरेसाहेबांनी बाटली कानापाशी नेऊन हलकेच हलवली. बायकोकडे बघितलं. नवा साहेब अर्धं पाऊल पुढे आला.

"तेल," एक्सरेसाहेब म्हणाले, आणि बाटली तिच्या पिशवीत ठेवली. "रात्री झोपताना लावा. जहाजावर हवा दमट असते."

दुपारी आमच्या खोलीच्या गोल खिडकीतून पाणी दिसायला लागलं तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो. पण संध्याकाळपर्यंत थांबायचं, सूर्य खाली उतरताना फोटो काढायचा, असं ठरवून वरच्या मजल्यावर चक्कर मारून आलो. परत येतो तर बायको पलंगावर बसून गुडघे चोळते आहे.

"अहो, आज हे तेल गार कसं लागतंय?"

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"आणि चिकटही नाही. लावलं की उडून जातंय." तिने तळहात नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांत तिने माझ्याकडे अनेक तऱ्हांनी बघितलं आहे, ही नवी होती.

"मी भाऊजींना काय सांगितलं?" ती म्हणाली.

"अगं, तुला माहीत नव्हतं म्हणजे ते खोटं..."

"मी विचारलं, काय सांगितलं?"

"गुडघ्याचं तेल."

"आणि त्यांनी माझ्या शब्दावर ठेवलं. त्यांच्या शेवटच्या दिवशी." तिने झाकण घट्ट लावलं. "जाऊन जहाजवाल्यांना द्या ही."

"दिली तर यादीत जाईल. चार नंबर टेबल, एक बाटली. त्यांच्या पत्राला जोडून."

हे तिच्याही ध्यानात आलं. मग जगातली सर्वांत अवघड बाटली आमच्या दोघांच्या मध्ये पलंगावर उभी राहिली. देता येत नाही. समुद्रात टाकता येत नाही, त्यालाही नियम आहे, तो कागदाच्या दुसऱ्या पानावर. प्यावी म्हटलं तर तिच्यासमोर ग्लासाला हात लावायची माझी छाती नव्हती.

"ओता," ती म्हणाली.

"सगळी?"

"माझ्या गुडघ्यांनी घेतली तेवढी राहू द्या."

मी न्हाणीघरात बेसिनपाशी उभा राहून ओतली. दहा वर्षं कुणीतरी ती लाकडाच्या पिंपात सांभाळली असेल, आणि अर्ध्या मिनिटात गेली. नंतर बाटली विसळून त्यात शाम्पू भरला, कारण खोली आवरणाऱ्या बाईलाही वास येता कामा नये. चार दिवस आम्ही सरबत प्यायलो. बायको माझ्याशी दुसऱ्या दिवशी दुपारी बोलली, तेही जहाजावरच्या नाचाच्या स्पर्धेत माझं नाव तिनेच घातलं होतं म्हणून.

गुरुवारी परत आलो तर मास्तर गेटवरच.

"आणली?"

"पाचही पकडल्या."

"फक्त पाच? मला वाटलं तुझ्या डोक्यात सहावी असेल."

"डोकं तेवढंच आहे," मी म्हणालो. बायको जिना चढत होती. तिने मागे वळून बघितलं नाही, पण त्या संध्याकाळी चहात साखर बरोबर होती.

शुक्रवारी यादी आली. चार नंबरसमोर शून्य. एक्सरेसाहेबांना पत्र मिळालं, मास्तरांनी ते नोटीस बोर्डावर लावलं, पाणी कपातीच्या सूचनेशेजारी.

रविवारी साडेदहाला मी गेटवर पोत्यावर बसलो. बिल्डिंगने माझ्यावर जीव ओवाळून टाकला. ज्यांच्याकडे एक जोड होता त्यांनी शेजाऱ्याचा आणला. एकाने लग्नातले बूट काढले, त्यांत झुरळ होतं. मास्तर वहीत खुणा करत होते आणि "टाच राहिली" म्हणत होते. मी ब्रश मारत होतो, येईल त्याला उत्तर देत होतो, आणि खरं सांगायचं तर मजेत होतो.

एक्सरेसाहेब खाली आले. घरातला ढगळ सदरा, पायांत स्लिपर. सव्वीस वर्षांत रविवारी सकाळी त्यांना मी या वेशात बघितलं नव्हतं. हातात त्यांचे नोकरीतले काळे बूट.

ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तेल असं वाजत नाही."

माझा ब्रश थांबला.

"तेल हललं की जड येतं, भिंतीला धरून. ते खळकन आलं."

"मग सोडली का?"

"वहिनींचे हात बघितले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. झाकण काढलं असतं तर साहेबासमोर, शंभर माणसांसमोर त्या खोट्या पडल्या असत्या. तू नाही. त्या." त्यांनी बूट खाली ठेवले. "हिच्या आजारपणात चौदा महिने आमच्याकडे डबा कुणाचा येत होता?"

"पण वर सापडली असती तर?"

"तर एक आलं असतं."

"शून्य आलं ना. मी ओतली. तिने ओतायला लावली."

"कागदावर शून्य आहे," ते म्हणाले. "मला एक माहीत आहे."

मग ते उठले आणि एरवी रांगेला हाक द्यायचे त्या आवाजात म्हणाले, "मास्तर, निकाल बदला. पैज मी हरलो."

मास्तरांनी वही मिटली. "अहो, पाचच्या पाच पकडल्यात तुम्ही. कारण काय लिहू?"

"कारण लिहू नका. हरलो म्हणून लिहा."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वर गॅलरीत बायको उभी होती, तिने नुसता हात आडवा केला. मी तोंड मिटलं. एक्सरेसाहेब म्हणाले, "सरक," आणि पोत्यावर बसले. माझ्या हातातून ब्रश घेतला, त्याचे केस बोटाने तपासले, मास्तरांचाच बूट उचलला.

"टाचेपासून सुरू करतात," मला म्हणाले. "तू टोकापासून करतोस, म्हणून टाच राहते."

ते पॉलिश करत राहिले, मी बूट पुढे सरकवत राहिलो. कुणी थट्टा केली नाही. तेवढ्यात बंदराकडून भोंगा ऐकू आला, लांब, एकच. जहाज सुटलं. एक्सरेसाहेबांचा हात बुटावर तसाच राहिला. त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं.

"अकरा मिनिटं उशीर," ते म्हणाले, आणि दुसरा बूट घेतला.